डिसेंबरचं मळभ आणि आंब्याचा मोहोर: देवगड किनाऱ्यावरच्या एका बागेचं प्रकरण

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातल्या, समुद्रापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावरच्या एका हापूस बागेचं आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, काही तपशीलही बदलले आहेत. डिसेंबरच्या सुरुवातीचे पाच-सहा दिवस, हवामानाचा अंदाज हातात असताना घेतलेले निर्णय, आणि त्यातला एक निर्णय नेमका कुठे चुकला, हे इथे मांडलं आहे. अंदाज खरा ठरला होता. तरीही नुकसान झालं, म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

बागेचा कारभार साठी ओलांडलेल्या एका बाई पाहतात. सगळे त्यांना काकी म्हणतात, म्हणून इथेही काकीच म्हणतो. त्यांचा पुतण्या मुंबईला नोकरी करतो. औषधं, हिशेब आणि वाशीच्या घाऊक बाजाराला माल पाठवणं त्याच्याकडे असतं. बागेचे दोन तुकडे आहेत. वरचा कातळावर, सड्याच्या कडेला, समुद्राच्या वाऱ्यावर उघडा. खालचा तुकडा व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, बाजूला आहे, तिथे माती जास्त, सावली जास्त आणि ओलही उशिरापर्यंत टिकते.

ही दोन तुकड्यांची रचना पुढे फार महत्त्वाची ठरली. कातळावरच्या कलमांना पाण्याचा ताण लवकर बसतो, त्यामुळे मोहोरही आधी येतो. त्या वर्षी पाऊस ऑक्टोबरात रेंगाळला होता आणि एकूणच हंगाम मागे पडला होता. डिसेंबर उजाडला तेव्हा वरच्या तुकड्यातला मोहोर फुललेला होता, तर खाली अजून बोंगे, म्हणजे मोहोराचे कोंब, फुटत होते.

कोकण किनाऱ्याचा हिवाळा म्हणजे पहाटे जमिनीकडून येणारे कोरडे मतलई वारे आणि दुपारी समुद्राकडून येणारे खारे वारे यांची पाळी. ही पाळी नीट चालली, रात्री गार आणि कोरड्या राहिल्या, की हापूस मोहोरतो आणि मोहोर टिकतो. पण ऑक्टोबर ते डिसेंबर हा अरबी समुद्रातल्या वादळांचाही मोसम आहे. २०१७ च्या डिसेंबरात ओखी चक्रीवादळ कोकणाला समांतर वर सरकलं आणि गुजरातच्या किनाऱ्याजवळ येता येता विरलं. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत तर वादळ नसतानाही, नुसत्या कमी दाबाच्या प्रभावाने मुंबईसह राज्याच्या मोठ्या भागात पाऊस झाला. किनाऱ्यावर हिवाळ्यात पाऊस पडत नाही हा समज बागायतदारांनी तरी कधीच सोडून दिला आहे.

अडचण

शुक्रवारी कृषी हवामान पत्रक आलं. भारतीय हवामान विभागाच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेतून मंगळवारी आणि शुक्रवारी अशी आठवड्यातून दोनदा पत्रकं निघतात. त्यांत पुढच्या पाच दिवसांचा जिल्ह्याचा अंदाज आणि पीकनिहाय सल्ला असतो. या पत्रकात म्हटलं होतं की आग्नेय अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होत आहे, रविवारपासून आकाश ढगाळ राहील आणि सोमवारी तुरळक ठिकाणी हलक्या पावसाची शक्यता आहे. नकाशावर जिल्ह्याला कुठलाही इशाऱ्याचा रंग नव्हता.

त्याच संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. त्याच्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये सोमवारी साठ टक्के पाऊस दिसत होता. काकींनी विचारलं, "साठ टक्के म्हणजे आपल्या किती कलमांर?"

या प्रश्नाला पुतण्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या मते त्या आठवड्यात कुणी विचारलेला हाच सगळ्यांत नेमका प्रश्न होता. साठ टक्क्यांचा अर्थ असा की अशा परिस्थितीतल्या दहा दिवसांपैकी साधारण सहा दिवस त्या जागी पाऊस होतो. तो किती पडेल, किती वेळ पडेल, हे त्या आकड्यात नसतं. अगदी थेंबभर पाऊसही त्यात धरलेला असू शकतो.

पत्रकाची भाषा निराळी असते. तिथे तुरळक ठिकाणी म्हणजे जिल्ह्यातल्या किंवा विभागातल्या जास्तीत जास्त पाव भाग केंद्रांवर पाऊस. आणि हलका पाऊस म्हणजे २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर. आता १५ मिलिमीटर पाऊस जुलैत कुणी मोजणारही नाही. पण तोच पाऊस फुललेल्या मोहोरावर पडला तर परागकण धुऊन जातात, फुलं तासन् तास ओली राहतात आणि करपा हा बुरशीचा रोग धरतो. इशाऱ्याचे पिवळे, नारिंगी, लाल रंग ठरवले जातात ते पूर, वीज, वारा यांनी माणसाला आणि मालमत्तेला होणाऱ्या धोक्यावरून. मोहोराचा धोका त्या मोजपट्टीवर बसतच नाही. नकाशा कोरा होता म्हणून पुतण्या शुक्रवारी रात्री निश्चिंत झोपला, आणि ती निश्चिंती चुकीच्या पायावर होती.

शनिवारी सकाळी ॲपमधला पाऊस गायब झाला. दुपारी पुन्हा आला, आता ऐंशी टक्के. पुतण्या दर वेळी स्क्रीनशॉट पाठवत होता. असं का होतं हे समजून घेणं गरजेचं आहे. बहुतेक ॲप जागतिक मॉडेलांचे, म्हणजे संगणकावर हवामानाचं गणित मांडणाऱ्या प्रणालींचे, आकडे घेतात. मॉडेल नकाशाचे चौकोन पाडून एकेका चौकोनाला एकच आकडा देतं, आणि सर्वोत्तम मॉडेलांचेही चौकोन ९ ते १३ किलोमीटरचे असतात. किनाऱ्यावरच्या अशा एका चौकोनात अर्धा समुद्र, थोडा सडा, थोडी खाडी असं सगळं एकत्र येतं. कमी दाबाचं केंद्र मॉडेलच्या पुढच्या फेरीत थोडंसं पश्चिमेला सरकलं तरी ढगांची कड किनाऱ्यावरून समुद्रात जाते आणि मोबाइलवर सूर्य उगवतो. दिवसातून चार वेळा बदलणाऱ्या चिन्हावरून फवारणी ठरवणं म्हणजे कुणाच्याच हाती काही नसणं. (मे २०२५ पासून हवामान विभागाचं ६ किलोमीटरचं मॉडेल सुरू झालं आहे, पण ते या प्रकरणाच्या नंतरचं.)

समोरचे पर्याय

शनिवारी दुपारी काकी, पुतण्या फोनवर, आणि बागेतला जुना मुकादम असं बोलणं झालं. मी तेव्हा त्या भागात पत्रकं समजावून सांगण्याचं काम करत असल्याने मलाही बोलावलं होतं. काकींनी सुरुवातीलाच मालवणीत विषय सरळ केला: "मळब येतला ता येऊ दे. औषध मारूचा की नाय, ता सांग."

पुतण्याचं म्हणणं होतं की रविवारीच दोन्ही तुकड्यांवर कीटकनाशक आणि बुरशीनाशक एकदम मारून मोकळं व्हावं. ढगाळ हवेत मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे वाढतात, भुरी ही बुरशी येते, हे खरंच. पण फुललेल्या मोहोरावर कीटकनाशक मारलं तर परागीकरण करणाऱ्या माश्या आणि कीटक मरतात. शिवाय स्पर्शजन्य, म्हणजे नुसतं वर बसणारं, बुरशीनाशक पावसाने धुऊन गेलं तर औषध, डिझेल, मजुरी सगळं पाण्यात.

मुकादमाला थांबायचं होतं. पाऊस पडू द्यावा, मग मारावं. त्याचा अनुभव सांगत होता की पावसाआधी मारलेलं औषध निम्मं वाया जातं. यात अडचण एकच होती: पावसानंतर मजूर मिळतील याची खात्री कुणालाच नव्हती. पाऊस पडला की सगळ्या तालुक्याला एकाच दिवशी पंप लागतो.

मधला मार्ग चर्चेतून पुढे आला. वरच्या तुकड्यात फक्त आंतरप्रवाही बुरशीनाशक पावसाआधी द्यायचं, कारण ते पानात, मोहोराच्या दांड्यात शोषलं जातं आणि मध्ये काही तास कोरडे मिळाले तर पावसाने सगळं जात नाही. कीटकनाशक टाळायचं. खालचा तुकडा तसाच ठेवायचा, कारण तिथे मोहोर अजून उघडलेला नाही. पाऊस पडला तर खाली लगेच मारायचं, नाही पडला तर नेहमीच्या वेळापत्रकाने.

मला हा तिसरा पर्याय योग्य वाटला आणि आजही वाटतो. ज्या झाडांना पाऊस सर्वांत महाग पडणार होता त्यांचं संरक्षण आधी, बाकीच्यांसाठी थांबायची मुभा. पाऊस येईल का या प्रश्नाभोवती तास गेला असता. कोणती चूक जास्त महाग पडेल हे विचारल्यावर निर्णय अर्ध्या तासात झाला.

प्रत्यक्षात काय केलं

रविवारी सकाळी दव सुकल्यावर वरच्या तुकड्यात फवारणी सुरू झाली. जास्त दाबाचा एचटीपी फवारणी पंप, लांब पाइप, दोन गन. दुपारी खारा वारा जोर धरण्याआधी काम उरकलं, कारण सड्यावर वारा सुटला की फवारा झाडावर कमी आणि शेजारच्या काजूवर जास्त जातो. खालच्या तुकड्यासाठी टाकी भरून ठेवली, डिझेल आणून ठेवलं.

त्याच दुपारी एका गोष्टीने घरात घबराट झाली. देवगड बंदरात परराज्यांतले ट्रॉलर येऊन नांगर टाकू लागले होते. देवगड हे नैसर्गिक आडोशाचं बंदर आहे, समुद्र खवळला की लांबलांबच्या बोटी इथे येतात. पुतण्याला कुणीतरी फोटो पाठवला आणि त्याचा फोन आला, "काकी, वादळ येतंय, खालचीही कलमं मारून घे!" पण मच्छीमारांना दिलेला इशारा खोल समुद्रातल्या वाऱ्याचा होता. कमी दाबाचं क्षेत्र किनाऱ्यापासून दूर असताना तिथे वारा सोसाट्याचा असू शकतो आणि इथे पानही हलत नाही. बंदरातल्या बोटी समुद्राबद्दल सांगतात, सड्यावरच्या पावसाबद्दल नाही. काकींनी इथे डोकं शांत ठेवलं. खाली फवारणी केली नाही.

सोमवार सकाळपासून मळभ होतं. वारा पडलेला, उकाडा, रात्रीसुद्धा गारवा नाही. ढगांच्या आवरणाने जमिनीची उष्णता अडकून राहते, त्यामुळे डिसेंबरातही पहाटे घाम येत होता. पाऊस मात्र नाही. दुपार गेली, संध्याकाळ गेली. पणजीच्या डॉपलर रडारच्या चित्रात समुद्रावर ढगांच्या विखुरलेल्या ठिपक्यांपलीकडे काही दिसत नव्हतं.

फवारणीच्या टोळीशी बोलणं सोमवारपर्यंतचं होतं. संध्याकाळी मुकादमाने काकींना विचारलं, टोळीला खाडीपलीकडच्या एका बागेतून बोलावणं आलं आहे, सोडू का? पुतण्याने फोनवर सांगितलं, अंदाज सोमवारचा होता, सोमवार संपला. काकींनी टोळी सोडली.

पाऊस आला तेव्हा

मंगळवारी पहाटे, साडेतीन-चारच्या सुमारास, आधी पत्र्यावर टपटप आणि मग चांगली वीस-पंचवीस मिनिटांची सर आली. उजाडताना पुन्हा एक छोटी सर.

गावात त्या सकाळी सगळीकडे एकच वाक्य होतं: सोमवारचा अंदाज चुकला, पाऊस मंगळवारी आला. हे खरं नाही. हवामान विभागाचा दिवस रात्री बारा वाजता बदलत नाही. पावसाची नोंद सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ अशी होते, आणि दिवसाचा अंदाजही त्याच मापाने चालतो. सोमवारचा अंदाज मंगळवारी सकाळी साडेआठपर्यंत लागू होता. पाऊस त्या मुदतीच्या आत आला होता. पत्रकात हा तपशील अनेकदा बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच, आणि पुढे पाठवलेल्या संदेशात तर तो गळूनच जातो. पण किनाऱ्यावर हिवाळ्यातल्या अशा सरी बऱ्याचदा पहाटेच येतात. समुद्र रात्रीही उबदार असतो, वरची हवा गार होते आणि ढग पहाटेकडे वाढतात. म्हणजे ज्या तासांत पाऊस यायची शक्यता जास्त, नेमके तेच तास लोक अंदाजाच्या बाहेर समजत होते.

मंगळवारी सकाळी घरच्या माणसांनी वरच्या तुकड्यात फिरून फांद्या हलवून मोहोरावरचं पाणी झाडलं. हे काम साधं दिसतं, पण मोहोर तासभर लवकर सुकला तरी करप्याला तेवढी संधी कमी मिळते. खालच्या तुकड्यात औषध मारायला माणसं नव्हती. बुधवारीही ढग होते. टोळी गुरुवारी दुपारी परत आली.

त्याच दरम्यान मंगळवारचं नवीन पत्रक आलं. कमी दाबाचं क्षेत्र दूर सरकल्यावर उत्तरेकडचे वारे सुरू होतील आणि किमान तापमान दोन ते तीन अंशांनी उतरेल असा अंदाज होता. थंडी वाढून टिकली की हापूसला पुन्हा मोहोर येतो आणि आधीच्या मोहोरावरची कणी, म्हणजे नुकती धरलेली बारीक फळं, गळते. हा पुनर्मोहोर टाळण्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) जिब्रेलिक आम्ल या संजीवकाच्या फवारणीची शिफारस केलेली आहे. इथे मात्र काकींनी घाई केली नाही, आणि बरोबर केलं. जिल्ह्याच्या अंदाजातला किमान तापमानाचा एक आकडा समुद्राकाठच्या सड्याला आणि आतल्या खोलगट भागाला सारखा लागू होत नाही. रात्री गार हवा जड होऊन सखल जागी साचते. सड्यावर समुद्राची ऊब असते. त्यांच्या बागेत पुढचा आठवडा तापमान तितकं खाली गेलंच नाही.

निकाल

वरच्या तुकड्यातला मोहोर मोठ्या प्रमाणात वाचला. जो मोहोर त्या रात्री पूर्ण उमललेला होता त्यात फळधारणा कमी झाली, ते कुठल्याही औषधाने टळलं नसतं. खालच्या तुकड्यात, व्हाळाच्या बाजूच्या ओळींमध्ये, नुकत्याच बाहेर येणाऱ्या मोहोराच्या दांड्यांवर काळे डाग दिसू लागले. गुरुवारच्या फवारणीने पसरणं थांबलं, पण आधी धरलेला मोहोर जळला. हंगामाच्या शेवटी त्या ओळींचा आंबा नेहमीपेक्षा बराच कमी निघाला.

हवामान आधारित फळपीक विम्याचा उपयोग झाला नाही. विम्याचं गणित महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावरच्या नोंदीवर चालतं, आणि ते केंद्र बागेपासून आत, डोंगराच्या बाजूला होतं. तिथे त्या पहाटे नाममात्र थेंब पडले. तुरळक ठिकाणी पाऊस म्हणजे काय, याचं इतकं स्पष्ट उदाहरण क्वचित मिळतं: एका सड्यावर पत्रे वाजले आणि काही किलोमीटरवर धूळही बसली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

शनिवारचा निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. रविवारी बोटी पाहून खालची फवारणी न करणं हेही योग्य होतं. खालचे बोंगे रविवारी पुरेसे उघडले नव्हते, तेव्हाचं औषध मंगळवारी बाहेर आलेल्या मोहोरावर नसतंच. यावर मुकादमाचं मत वेगळं आहे. त्याला वाटतं की व्हाळाच्या बाजूच्या पाच-सहा ओळी तरी रविवारी घ्यायला हव्या होत्या, कारण तिथे ओल जास्त. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि बाग वर-खाली अशी दोनच भागांत न पाहता ओलीच्या जागा वेगळ्या काढायला हव्या होत्या हे मला मान्य आहे.

सगळ्यांत महाग निर्णय सोमवार संध्याकाळचा होता. तो घेताना कुणी अंदाज पुन्हा उघडून पाहिला नाही. सोमवारचं पत्रक नसलं तरी हवामान विभागाचा जिल्ह्याचा दैनंदिन अंदाज होता, मुळदे येथील कृषी हवामान केंद्राला फोन करता आला असता, आणि रडारवर काही नाही हा पुरावा फक्त पुढच्या दोन-तीन तासांचा असतो, सबंध रात्रीचा नाही. रडार समुद्रावर आत्ता असलेला पाऊस दाखवतं. पहाटे तयार होणारा ढग त्याला संध्याकाळी दिसणार नाही.

आकडे कुणाचे पाहायचे हेही आधी ठरायला हवं होतं. घरात तीन स्रोत होते: पत्रक, ॲप आणि लोकांचे फोटो. तिन्ही एकाच वेळी बोलत होते आणि जो शेवटचा आला तो खरा वाटत होता. पुतण्याने आता स्क्रीनशॉट पाठवणं बंद केलं आहे. तो दिवसातून एकदा, संध्याकाळी, दैनंदिन अंदाज वाचून दाखवतो आणि कालच्यापेक्षा काय बदललं तेवढंच सांगतो.

बागेत आता एक साधं पर्जन्यमापक आणि दोन किमान-कमाल तापमापक आहेत, एक सड्यावर, एक व्हाळाजवळ. काकी सकाळी साडेआठला नोंद करतात, मुद्दाम त्याच वेळी, म्हणजे ती पत्रकाशी ताडून पाहता येते. या नोंदींतून एक गोष्ट लवकर कळली: थंडीच्या रात्री व्हाळाजवळचा पारा सड्यापेक्षा स्पष्ट खाली जातो, त्यामुळे पुनर्मोहोराचा विचार करायचा झाला तर तो फक्त खालच्या तुकड्यापुरता. विम्याला या नोंदीचा उपयोग नाही. फवारणीला आहे.

आणि टोळीशी बोलणं बदललं. पावसाचा अंदाज असेल तर मुदत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतची ठरते, आणि त्या थांबण्याची अर्ध्या दिवसाची मजुरी पाऊस आला नाही तरी दिली जाते. तेव्हापासून ती मजुरी देऊनही पाऊस आला नाही असं झालेलं आहे. पुतण्याला तो खर्च अजून खटकतो. काकी तो औषधाच्याच खर्चात धरतात.